श्रद्धेची निष्ठा होते तेव्हा



संकट एकदाच येऊन गेले तर माणूस ते सोसतो. पीक बुडाले, घरात मृत्यू झाला, तर आप्तेष्ट धावून येतात, चार दिवस सोबत राहतात आणि मनुष्य पुन्हा उभा राहतो. परंतु काही दुःखे येतात ती जातच नाहीत. अंथरुणाला खिळलेले माणूस, वर्षानुवर्षे न सुटणारा जमिनीचा दावा, व्याजातच अडकलेले कर्ज, शिकूनसवरून घरी बसलेला मुलगा. अशा दुःखात पहिल्या वर्षी भक्ताच्या मुखी प्रार्थना असते, दुसऱ्या वर्षी तक्रार असते आणि तिसऱ्या वर्षी काहीच उरत नाही. पूजा चालते, पण मन मुके झालेले असते. या मुकेपणाविषयी आज चिंतन करावयाचे आहे.

अशा वेळी मनुष्य दोहोंपैकी एका वाटेने जातो. कोणी म्हणतो, "सारे शिवाच्या हाती आहे, आपण करून काय होणार?" आणि हातपाय गाळून बसतो. कोणी म्हणतो, "शिवाने काय दिले? आता आपले आपणच पाहावे." आणि लिंगपूजा सोडून देतो. दोघांची दिशा वेगळी, पण चूक एकच. दोघांनीही शिवाला एका बाजूस आणि कामाला दुसऱ्या बाजूस ठेवले.

शरणांनी ही फारकत मुळातच मान्य केली नाही. आपण इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजितो. पूजा संपताच ते पुन्हा अंगावर धारण करतो आणि त्याच हातांनी नांगर धरतो, तागडी धरतो, रुग्णाचे अंग पुसतो. देव गाभाऱ्यात असता तर कामाला निघताना मागे राहिला असता. तो अंगावर आहे म्हणून शेतात, दुकानात, कचेरीत, इस्पितळात आपल्याबरोबरच असतो. मग विश्वास पूजेच्या वेळी आणि काळजी कामाच्या वेळी, अशी वाटणी कशी करता येईल?

षट्स्थल सिद्धांतात याचा क्रम सांगितला आहे. भक्तस्थलाची भक्ती ती श्रद्धा. महेशस्थलाची भक्ती ती निष्ठा. प्रसादिस्थलाची भक्ती ती अवधान. आपल्यातील पुष्कळ जण श्रद्धेलाच भक्तीचा शेवट समजतात. वास्तविक ती पहिली पायरी होय. श्रद्धा म्हणजे शिव आहे, तो माझा आहे, हा भाव. हा भाव सुखातही उपजतो. निष्ठेची ओळख मात्र कसोटीतच पटते. बी पेरणे ही श्रद्धा, आणि पाऊस लांबला तरी रोज बांधावर जाऊन शेत राखणे ही निष्ठा. त्यानंतर येते अवधान, म्हणजे जे वाट्यास आले ते प्रसाद म्हणून सावधपणे स्वीकारणे. येथे 'सावधपणे' हा शब्द विसरू नये. प्रसाद झोपेत घेता येत नाही.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याचे चरित्र या दृष्टीने पाहावे. बाराव्या शतकात हे दोघे अमरेश्वराहून कल्याणास आले. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्या दाण्यांवर घर चालत असे आणि जंगमदासोहही होत असे. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणला. लक्कम्मांनी तो पाहताच विचारले की ही आस कोठून आली? अधिक आणलेला तांदूळ जेथून आणला तेथे परत ठेवून या, असे त्यांनी सांगितले, आणि मारय्यांनी ते ऐकले.

ही कथा आपण निर्लोभतेचा दृष्टांत म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अधिकचा तांदूळ परत ठेवला, म्हणजे उद्याचे भय ठेवले नाही. हा विश्वास झाला. पण दुसऱ्या दिवशी दाणे आपोआप घरी चालत आले नाहीत. मारय्या पुन्हा अंगणात गेले, पुन्हा वाकले, पुन्हा एकेक दाणा वेचला. त्यांचे दारिद्र्य संपले असे चरित्र सांगत नाही. दारिद्र्य होते तसेच राहिले आणि त्यातच दासोह चालला.

येथे कोणी विचारील, "स्वामीजी, मग मुलीच्या शिक्षणासाठी चार पैसे मागे टाकणे हेही पापच का?" नव्हे. कर्तव्यासाठी केलेली तरतूद वेगळी आणि भयाने केलेला साठा वेगळा. भयाने साठवणाऱ्याचा हात दुसऱ्यासाठी उघडत नाही. ज्याचा हात अडचणीतही मूठभर दासोहासाठी उघडतो, त्याने खुशाल तरतूद करावी.

मठात येणाऱ्या माताभगिनी आणखी एक प्रश्न विचारतात. घरी रुग्ण आहे, रात्र जागरणात जाते, पूजेला निवांतपणा मिळत नाही. शिव कोपेल काय? माझे सांगणे असे की पूजा सोडू नये, पण लांबवण्याचा हट्टही धरू नये. क्षणभर लिंग करस्थलावर घ्यावे, विभूती लावावी, पंचाक्षरी म्हणावी आणि सेवेला लागावे. कायकात मग्न असता अन्य विधींचे बंधन वाटू नये, असा मारय्यांच्या वचनाचा भाव आहे. रुग्णसेवा हे त्या घराचे कायकच होय. तसेच, वैद्याचे औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. उलट कर्ज काढून ग्रहशांती करणे, दारोदार नवस बोलत फिरणे, मुहूर्त सांगणाऱ्याच्या उंबऱ्यावर बसणे, यांत ना विश्वास आहे ना कायक. बसवण्णांनी मुहूर्ताचे आणि अनेक दैवतांचे भय आपल्या मानेवरून आठशे वर्षांपूर्वीच उतरवले आहे. ते पुन्हा का वाहावे?

फळ केव्हा मिळेल, हे मात्र कोणीही सांगू शकत नाही. कल्याणात रक्तपात झाला. हरळय्या आणि मधुवरस यांना देहदंड मिळाला. शरण चन्नबसवण्णांसमवेत वचनांची रक्षा करीत उळवीकडे निघाले. वाटेत आपल्या खानापूर तालुक्यातील कक्केरीस डोहर कक्कय्या लिंगैक्य झाले. त्या दिवशी पाहणाऱ्याला वाटले असेल की सारे संपले. पुढे कित्येक शतके ताडपत्रांच्या गाठोड्यांवर फुले वाहिली गेली, पण ती वाचणारे विरळा. मग विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी घरोघर हिंडून ती ताडपत्रे गोळा करू लागले. १९२३ साली त्यांच्या वचनशास्त्रसाराचा पहिला भाग बेळगावात छापला गेला. छापखान्यासाठी त्यांनी राहते घर विकले, आणि १९२६ पासून 'शिवानुभव' चालवले. १९६४ साली ते लिंगैक्य झाले. आज आपण वचनांवर बोलतो ते उळवीच्या वाटेवरील पावलांमुळे आणि या एका वकिलाच्या कष्टांमुळे. त्या शरणांना हळकट्टी दिसले नव्हते. तरी त्यांनी गाठोडे खाली ठेवले नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, दुःख कधी सरेल हे शिवाला विचारत बसू नये. आजचे कायक कोणते, एवढे विचारावे. ते शुद्ध मनाने करावे. त्यातून थोडे दासोहास द्यावे. ओझे एकट्याने उचलत नसेल तर शरणसंगात येऊन सांगावे. त्यात लाज नाही, संग त्यासाठीच आहे. आणि शेजारी कोणाच्या घरी तिसरे वर्ष चालू असेल, तर त्याने बोलावण्याची वाट न पाहता आपण जावे. कदाचित त्याच्या मुक्या प्रार्थनेचे उत्तर म्हणून शिव आपल्यालाच पाठवीत असेल.

सर्वांची श्रद्धा निष्ठेत आणि निष्ठा अवधानात परिणत होवो, हीच परशिवचरणी प्रार्थना.

शरणु शरणार्थी.