विम्याने न फिटणारे ऋण

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:१-५, लेवीय ६:१-७



रायपूरच्या जयस्तंभ चौकालगतच्या बाजारपेठेत शनिवारी सायंकाळी मोठी गर्दी असते. अशाच एका शनिवारी तेथील एका वाहनतळावर मोटार मागे घेताना माझ्या गाडीचा धक्का शेजारच्या गाडीला बसला. तिच्या बंपरला पोचा पडला व मागचा दिवा फुटला. मालक जवळ नव्हते. पावत्या फाडणारा मुलगा दूर टोकाला होता. मनाने लगेच सबबी पुढे केल्या : त्यांच्या गाडीचा विमा असेलच, कंपनी भरपाई देईल; शिवाय, वाहनाची जबाबदारी मालकाची, असे पावतीवर छापलेच आहे. मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची उपासना होती व संदेश मला द्यावयाचा होता. रात्री शास्त्र उघडले, तो मत्तय ५:२३-२४ समोर आले. वेदीपाशी आलेल्या मनुष्यास बंधूची तक्रार आठवली, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा, असे प्रभू तेथे सांगतो. मला झोप लागली नाही. सकाळी उपासनेपूर्वी मी वाहनतळावर गेलो, तेव्हा कळले की, नुकसानीचे पैसे त्या मुलाच्या पगारातून कापण्याचे ठेकेदाराने ठरविले होते. जे ओझे मी टाकून पळालो होतो, ते त्या गरिबाच्या खांद्यावर जाऊन पडले होते. प्रियहो, टाकलेले ओझे नाहीसे होत नसते; ते आपल्याहून दुबळ्या मनुष्यावर जाऊन पडते.

गलतीकरांस लिहिताना पौल दोन गोष्टी सांगतो व वरवर पाहता त्या परस्परविरोधी वाटतात. दुसऱ्या वचनात तो परस्परांच्या ओझ्यांस खांदा देण्याची आज्ञा करतो, तर पाचव्या वचनात प्रत्येकाने आपापला भार स्वतः वाहावा असे म्हणतो. विम्याचा व्यवहार या दोहोंचा अर्थ चांगला उलगडून दाखवितो. हजारो लोक थोडेथोडे हप्ते भरतात आणि त्यांतून एकाचे अकस्मात झालेले नुकसान भरून निघते. हे ओझे वाटून घेणे होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला, तो याचसाठी. परंतु दोष मात्र वाटून घेता येत नाही. कंपनी पैसे भरील. “हे माझ्या हातून झाले” हे शब्द ती आपल्यासाठी उच्चारू शकत नाही.

येथे कोणी विचारील, “अपघातानंतर कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष कबूल करू नये किंवा भरपाईचे वचन देऊ नये, अशी पॉलिसीतच अट असते. मग ख्रिस्ती मनुष्याने काय करावे?” प्रश्न खरा आहे. पण ही अट सौद्याविषयी आहे, सत्य लपविण्याविषयी नाही. आपले नाव, पत्ता, पॉलिसीचा क्रमांक व घडलेली हकिकत सांगण्यास ती आड येत नाही. उलट, दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असता चालकाने पोलिसांना व विमा कंपनीला कळवावे, असे त्याच कायद्याचे कलम १३४ सांगते. पळून जाण्याची सोय ना पॉलिसीत आहे, ना कायद्यात, ना शास्त्रात.

विम्याने दायित्व पुसले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातही दिसते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मोटार व किल्ली हॉटेलच्या सेवकाच्या हवाली केली. ती मोटार चोरीस गेली. विमा कंपनीने मालकास पैसे दिले; पण प्रकरण तेथे संपले नाही. कंपनी मालकाच्या वतीने हॉटेलच्या मागे लागली. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, वाहन ताब्यात घेणाऱ्याने ते सुखरूप परत केले पाहिजे; पावतीवर छापलेल्या ओळीने त्यास स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात शेजाऱ्याने राखण्यास दिलेल्या वस्तूविषयी व जनावराविषयी नियम आहेत. ते वाचले म्हणजे देवाची दृष्टी अशा व्यवहारावर किती प्राचीन काळापासून आहे ते ध्यानात येते.

लेवीयच्या सहाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. अन्यायाने घेतलेले परत करताना मूळ वस्तूत पाचवा हिस्सा अधिक घालावा आणि मग दोषार्पण आणावे, असा तेथील क्रम आहे. हा पाचवा हिस्सा कशासाठी, हे मला त्या गाडीच्या मालकांपाशी बसल्यावर उमगले. त्यांनी आपल्या पॉलिसीवर दावा केला असता, तरी प्लास्टिकच्या भागांवर घसारा कापला गेला असता, ठरावीक रक्कम स्वतः सोसावी लागली असती आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गेली असती. ती सवलत पहिल्या वर्षी वीस टक्के, म्हणजे नेमका पाचवा हिस्सा असते! ज्याचे काही चुकले नाही, त्यालाही असे न दिसणारे नुकसान होते. मी कंपनीस लेखी कळवून, तिची संमती घेऊन त्यांचा सगळा खर्च दिला आणि त्या मुलासमोर ठेकेदारास सत्य सांगितले. पैसे देणे सोपे गेले. त्या मुलाच्या डोळ्यांस डोळा देणे कठीण गेले.

जक्कयाच्या घरी प्रभू उतरावयास गेला तेव्हा जक्कयाने चौपट फेडीची भाषा केली. तारण विकत घेण्यासाठी त्याने ती केली नाही. प्रभू घरात आला म्हणून त्याचा हिशेब बदलला. आपल्यापैकी किती जण दाव्याच्या अर्जात जुने ओरखडे नव्या अपघातात घालतात? परवाना नसलेला मुलगा गाडी चालवीत असता किती जण वडिलांचे नाव लिहितात? कंपनी मोठी आहे, तिला काय कळणार, असे आपण म्हणतो. पण त्या खोट्याचे पैसे शेवटी इतरांच्या हप्त्यांतूनच येतात, आणि त्या अर्जाखाली केलेली सही देवासमोर केलेली असते.

प्रियहो, आपल्या पापांचे ऋण प्रभूने वधस्तंभावर फेडले. म्हणून मनुष्यांचे ऋण बुडविण्याची मुभा आपणांस मिळाली नाही. ते निर्भयपणे कबूल करण्याचे धैर्य मिळाले. या आठवड्यात कोणाचा फुटलेला दिवा, कोणाची कापली गेलेली मजुरी, कोणाच्या माथी आलेला आपला दोष आठवत असेल, तर पुढील प्रभुभोजनापूर्वी त्या दाराशी जाऊन या.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, कोणी पाहत नव्हते तेव्हा तू पाहत होतास. आम्ही टाकलेली ओझी ज्यांच्यावर पडली, त्यांच्याकडे परत जाण्यास आम्हांला बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.