कर्मातलं कौशल्य आणि लेथवरचं पेन



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या श्लोकावर. कर्मातलं कौशल्य म्हणजे योग, असं भगवंत जिथे सांगतात तो हा श्लोक. आयआयटी खरगपूरचं हेच बोधवाक्य आहे, त्यामुळे आम्हा इंजिनियर मंडळींना तो जरा जास्तच आपला वाटतो. अर्थही सोपा करून घेतला जातो: हातातलं काम चोख करा, झाला योग.

आद्य शंकराचार्य मात्र इथे वेगळंच सांगतात. कर्माचा मूळ स्वभाव बांधण्याचा. समबुद्धीने ते केलं की त्याचा बांधण्याचा गुण निघून जातो, आणि हे साधणं म्हणजे कौशल्य. म्हणजे हाताची सफाई हा विषयच नाही. मग हाताची सफाई शिकणाऱ्याने या श्लोकाचं काय करायचं?

हा प्रश्न मला पडतो, कारण मी हाताने पेन बनवायला शिकतोय. राहतो सात रस्त्याजवळ, दिवसभर काम कोडिंगचं. होटगी रोडला एका मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे बुश, पिना, शाफ्ट असं जॉबवर्क ते करतात. रविवारी दुपारी त्यांचा छोटा लेथ मोकळा असतो, तेव्हा मी जातो. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये स्टेप टर्निंगचा जॉब केला होता, तेवढीच माझी पूर्वतयारी.

पेनासाठी मी एबोनाइटचा दांडा वापरतो. रबरात भरपूर गंधक घालून ते शिजवलं की हा कडक, काळा पदार्थ होतो. टूल लावलं की गंधकाचा वास सुटतो आणि कीस लांब दोऱ्यासारखा निघतो. टोपण, नळी आणि बोटांनी धरायचा भाग असे तीन तुकडे करायचे. भोक एकदम मोठं पाडायचं नाही. आधी बारीक, मग मोठं ड्रिल, आणि दर थोड्या अंतराने ड्रिल मागे घेऊन कीस काढायचा, कारण एबोनाइट तापलं की नरम पडतं आणि माप बिघडतं. मग आटे. टोपणाचे आटे एकाऐवजी तीन सुरुवातींचे पाडले, तर ते साधारण एका फेऱ्यात बसतं. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात अख्खी नळीच दौत असते. सांध्याचं तोंड दांड्याच्या अक्षाला बरोबर काटकोनात नसेल, तर शाई बोटांवर येते. खरं काम हे, आतलं, कुणाला न दिसणारं. बाहेरचा आकार आणि पॉलिश त्यानंतर, आणि लोक हातात घेऊन 'वा' म्हणतात ते नेमकं त्यालाच.

आता गंमत बघा. मिस्त्री पैशासाठी काम करतात, मी करत नाही. वरवर पाहता निष्काम कोण? मी. पण बुशचं माप व्हर्नियरवर बरोबर आलं की मिस्त्री तो ट्रेमध्ये टाकतात आणि पुढचा जॉब चकात धरतात, पुन्हा वळून बघत नाहीत. तो कुठल्या मागावर बसणार हेही त्यांना माहीत नसतं. मी मात्र पेन उजेडात धरून पाच वेळा फिरवतो, फोटो काढतो, कुणी विचारायच्या आत 'मी बनवलंय' सांगतो. फळ म्हणजे फक्त पैसा असतं तर हिशोब सोपा होता. आदल्याच श्लोकात फळासाठी काम करणाऱ्यांना भगवंत कृपण म्हणतात, आणि त्यात मजुरी घेणारेच येतात असं कुठे म्हटलंय?

एक सांगायला हवं. मिस्त्रींना कर्मयोगी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. महिन्याच्या एक तारखेला ज्याचा पगार जमा होतो त्याने दुसऱ्याच्या घामाला योग म्हणणं फार स्वस्त आहे. त्यांना मी हा श्लोक सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, पीसचा भाव वाढवून द्या म्हणावं की आधी!"

आपल्या माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज सगळ्या छंदवाल्यांना आधाराला हवे असतात. मळ्यातच विठ्ठल, मग आम्हाला लेथवर का नको? पण सावता महाराजांची भाजी लोकांच्या ताटात जात होती. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं, तेही एका गरजेतून. विलायती पेनाला आपला पर्याय हवा होता, आणि तो चांगला असल्याचं गांधीजींनी त्यांना १९३५ मध्ये पत्राने कळवलं. माझ्या पेनाची कुणाला गरज आहे? दहा रुपयांचं पेनही लिहितंच. टिळकांनी तर मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात अख्खं गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे साल येतं, लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. बोरू कुणी तासला, याचा उल्लेख नाही. असायचं कारणही नाही.

आई रोज रामनामाची वही लिहिते. गेली दोन वर्षं तिच्या बोटांचे सांधे सुजतात, बारीक पेन धरवत नाही. डॉटपेनला जोर द्यावा लागतो, म्हणून तिने त्यावर जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती. तिच्यासाठी पेन करायला घेतलं तेव्हा मला हवा असलेला आकार एकेक करून गळत गेला. मधली निमुळती कंबर नको, तिथे बोट घसरतं. धरायची जागा चांगली १५ मिमी जाड हवी. टोपण आट्यांचं नको, पिळताना मनगट दुखतं. मग आत नुसतं सरकून बसेल असं केलं, आणि त्या बसणीचं माप जमवण्यात दोन रविवार गेले. चकाकी तर मुळीच नको, म्हणून ६०० च्या पॉलिश पेपरवर थांबलो. शाईच्या निबला दाब लागत नाही, तेवढं सोडलं तर दिसायला हे पेन म्हणजे काळ्या खुंटीचा तुकडा. मिस्त्रींनी ते हातात घेतलं, धरून पाहिलं आणि काही न बोलता परत दिलं.

त्या दोन रविवारांत एकही फोटो काढला नव्हता, हे नंतर लक्षात आलं. आठवण नव्हती म्हणून. ठरवून काही सोडलं नव्हतं. समबुद्धी म्हणतात ती हीच का, हे सांगण्याइतका माझा अधिकार नाही. पण माप आईच्या बोटांचं होतं, आणि माझ्या आवडीला तिथे बसायला जागाच उरली नव्हती.

पेन देऊन महिना झाला. वहीतल्या ओळी आता रेघेवर येतात. पेनाबद्दल आई अजून काही बोललेली नाही. परवा फक्त शाई संपत आल्याचं सांगितलं. ती कधी काही म्हणेल याची मी रोज वाट बघतो.