जयपूरचे कुलगुरू आणि पुण्यातला संवाद

विद्यापीठाचे मोठेपण आज मूल्यांकनाची श्रेणी आणि सामंजस्य करार यांवरून मोजले जाते. साठच्या दशकातले जयपूरचे राजस्थान विद्यापीठ पाहिले की, माणसे पारखून आणणे हेच कुलगुरूचे पहिले काम, याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही.

डॉ. मोहनसिंह मेहता १९६० ते १९६६ तिथे कुलगुरू होते. त्याआधी त्यांनी १९३१ मध्ये उदयपूरला विद्याभवन ही शाळा काढली होती आणि पुढे परदेशांत भारताचे प्रतिनिधित्वही केले होते. त्यांच्या कारकिर्दीत इतिहासाला गोविंदचंद्र पांडे आले, तत्त्वज्ञानाला दयाकृष्ण आले. याच काळात विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचा विभागही उभा राहिला. निवृत्तीनंतर मेहता आरामात बसले नाहीत. उदयपूरला ‘सेवा मंदिर’ काढून आदिवासी खेड्यांत कामाला लागले. समाजाशी नाते म्हणजे काय, हे त्यांना परिपत्रक काढून सांगावे लागले नाही.

पण मला जास्त ओढ आहे ती दयाकृष्णांच्या पुढच्या कामाची, आणि त्यात आपला एक मराठी माणूस बरोबरीने उभा आहे. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण दोघेही १९२४ चे. एक ‘नवभारत’ मासिकाचे संपादक, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे, दुसरे जयपूरचे प्राध्यापक, पुढे तिथलेच प्र-कुलगुरू. १९८३ मध्ये दोघांनी पुण्यात परंपरेने शिकलेले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक एकत्र बसवले. चर्चेला विषय होता बर्ट्रांड रसेलची ‘विधान’ ही कल्पना. ती संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली गेली. वाक्याहून वेगळे, ज्ञानाहूनही वेगळे, खरे किंवा खोटे ठरणारे असे काही मानायचे का? न्यायदर्शनाच्या चौकटीत खरे-खोटेपणा ज्ञानाचा असतो. मग हा तिसरा पदार्थ कशाला? इथे कोणी कोणाची आरती ओवाळत नव्हते. पंडितांना आपल्या शास्त्रातून नवे उत्तर घडवावे लागत होते आणि रसेल शिकवणाऱ्यांना आपली गृहीतके पुन्हा तपासावी लागत होती. या चर्चा १९९१ मध्ये ‘संवाद’ नावाने ग्रंथरूपात आल्या. संपादकांत या दोघांबरोबर रा. चं. द्विवेदी आणि जयपूरचेच मुकुंद लाठ होते.

पुढे वृंदावनात भक्तीवर अशीच चर्चा झाली. तिथे श्रद्धेचा प्रश्न थेट समोर होता, आणि तरीही तो विचाराला खुला राहिला. धर्मसंवादाचा खरा कस इथेच लागतो. आपल्याकडे सर्वधर्म परिषद म्हटली की व्यासपीठावर चार धर्मगुरू, शाली, नारळ आणि प्रत्येकी दहा मिनिटे. प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून उत्तरही कोणाला बदलावे लागत नाही. या सौजन्याने दंगली टळत असतील तर चांगलेच. पण त्यातून ज्ञान वाढत नाही, आणि ज्ञान वाढवणे ही विद्यापीठाची जबाबदारी आहे.

महाराष्ट्रात वारकरी फड आहेत, मदरसे आहेत, बौद्ध विहारांत अभ्यास करणारी तरुण मुले आहेत, जैन पंडित आहेत, ख्रिस्ती सेमिनरी आहेत. त्यांच्यापासून विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग फार दूर नसतो. आपल्या कुलगुरूंना माझी विनंती आहे: यंदा एक उद्घाटन समारंभ कमी करा. त्या पैशांत या मंडळींना आठवडाभर बोलवा, समोर एकच अवघड प्रश्न ठेवा, चर्चा मराठीत होऊ द्या आणि ती शब्दशः छापा.