परिचित प्रेक्षक आणि अभिप्रायाचे नैतिक स्वरूप

कलाकृतीविषयी प्रामाणिक अभिप्राय देणे हे रसिकाचे कर्तव्य आहे, असे आपण गृहीत धरतो. पण हे कर्तव्य कोणी आणि कोणासमोर पार पाडायचे, याचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा महानगरातील नाट्यगृह आणि त्यातील अनोळखी प्रेक्षक असतो. तिकीट काढून आलेला, शेजारच्या खुर्चीवरील माणसाशी कसलाही संबंध नसलेला, न रुचल्यास मध्यंतरात उठून जाणारा हा प्रेक्षक आपल्या सौंदर्यविचाराचा अलिखित नायक आहे. हितसंबंधनिरपेक्ष आस्वादाची कान्टची कल्पना त्याच्या बाबतीत सहज लागू पडते. जिथे नट, वक्ता, संयोजक आणि प्रेक्षक एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, तिथे या कर्तव्याचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

वसई गावाच्या वाटेवरील पापडी हे असे ठिकाण. ज्या स्थानकाच्या नावापुढे रेल्वे ‘रोड’ हा शब्द लावते, ते मूळ गावापासून दूर असते. वसई रोड हे त्यापैकीच. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. कागदोपत्री हे शहर झाले. पण चित्रपटाच्या खेळाला, हौशी नाटकाला किंवा ग्रंथालयातील व्याख्यानाला जमणारा समुदाय पुष्कळ अंशी ओळखीचाच राहिला. हा परिसर वाङ्मयीनदृष्ट्या उपेक्षणीय नव्हे. ‘सुवार्ता’ हे मासिक दीर्घकाळ संपादित करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच भूमीतून. प्रश्न प्रतिभेचा नाही, श्रवणाचा आहे.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक इथे विशेष उपयोगी पडते. रंगभूमीवरील भाव ‘माझा’ किंवा ‘अमक्याचा’ म्हणून विशिष्ट देशकालाला जखडला गेला की साधारणीकरण खुंटते. हे टाळण्यासाठीच पूर्वरंग आणि प्रस्तावना असतात; मुकुट आणि वेषभूषा यांनी नटाचे नटपण झाकायचे असते. हौशी प्रयोगात हा मुकुट कधीच पुरता डोक्यावर बसत नाही. राजाच्या वेषातला माणूस काल बाजारात भेटलेला असतो, आणि प्रेक्षागृहातील हशा पुष्कळदा पात्राला नसून त्या माणसाला असतो. शास्त्राच्या दृष्टीने हे विघ्नच. त्याला केवळ विघ्न म्हणून निकालात काढणे मात्र मला मान्य नाही. शेजाऱ्याच्या ठायी राजा कल्पिण्याचा हा प्रयत्न, अर्धवट फसला तरी, त्या शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली नित्याची दृष्टी थोडी सैल करतो. अनोळखी नटाच्या बाबतीत ही शक्यताच उद्भवत नाही.

शिवाय ओळखीचा प्रेक्षक ही केवळ गावाकडची गोष्ट नव्हे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक रंगभूमीची जी चळवळ चालवली, तिचा प्रेक्षकही मर्यादित आणि बऱ्याच अंशी परस्परपरिचित होता. चित्रपट संस्थांचे तर कायद्यानेच तसे झाले. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली, मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. परदेशी चित्रपट प्रमाणपत्राविना दाखवण्याची या संस्थांना मिळालेली सवलत सभासदांपुरतीच होती. तेव्हा परिचय हा अभिरुचीचा शत्रू आहे असे सरसकट म्हणता येत नाही. फरक इतकाच की छबिलदासमधल्यांना एकत्र आणणारा दुवा नाटक हाच होता. पापडीत तो दुवा नात्याचा, वाडीचा, चर्चचा, शेताचा असतो, आणि नाटक त्यात नंतर येते.

चित्रपटाच्या बाबतीत अडचण सर्वांत कमी. दिग्दर्शक समोर नसतो, त्यामुळे खेळानंतरची चर्चा मोकळी होऊ शकते. अडचण खरी होते ती व्याख्यानात. वक्ता पाहुणा असतो. शाल आणि श्रीफळ आधीच दिलेले असते. आभारप्रदर्शनाने प्रश्नोत्तरांची वेळ खाल्लेली असते. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. श्रोतृत्वाला उत्तेजन देणारी सभा आपल्याकडे कोणी काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

व्याख्यानानंतरच्या या शांततेला आपण सहसा सौजन्य म्हणतो, आणि तिथेच आपली गफलत होते. त्या शांततेत निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक सौजन्य खरेच, दुसरी भाषा. वसईच्या पट्ट्यात सामवेदी किंवा कादोडी घरात बोलणारा श्रोता सभागृहात प्रमाण मराठीतले व्याख्यान ऐकतो, समजतो, कदाचित त्याच्याशी असहमतही होतो. पण ती असहमती उभे राहून मांडायची तर ती प्रमाण भाषेतच मांडावी लागेल, हे त्याला ठाऊक असते. व्याकरणाच्या भीतीने गिळलेला प्रश्न आणि पाहुण्याचा मान राखण्यासाठी गिळलेला प्रश्न बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्याला सौजन्य म्हणणे हा श्रोत्यावर अन्याय आहे. त्याला बोलू न देणारी व्यवस्था त्याचाच सद्गुण म्हणून मिरवली जाते.

आता खऱ्या सौजन्याकडे वळू. शेजाऱ्याच्या नाटकाविषयी ‘छान झाले’ म्हणणारा माणूस त्याच्यावर प्रेम करतो असे समजले जाते. मला शंका आहे. ‘छान झाले’ या उद्गारात ‘याहून अधिक तुला पेलणार नाही’ असा एक निर्णयही दडलेला असतो. मुंबईतल्या अपरिचित नाटककाराशी आपण वाद घालतो, कारण त्याला वादास पात्र समजतो. शेजाऱ्याला मात्र या पात्रतेतून आपणच वगळतो. उलटपक्षी, अनोळखी समीक्षकाच्या निर्भीडपणाचीही फार थोरवी सांगण्याचे कारण नाही. ज्याला लेखकाचे तोंड पुन्हा पाहायचे नाही, त्याचा निर्भीडपणा स्वस्त असतो. दुसऱ्या दिवशी बाजारात ज्याची गाठ पडणारच आहे, त्याला ‘दुसरा अंक फसला’ असे सांगायचे तर कारणे द्यावी लागतात, दाखले द्यावे लागतात आणि उत्तर ऐकूनही घ्यावे लागते. अभिप्राय आणि जबाबदारी यांची सांगड इतकी घट्ट महानगरात क्वचितच बसते.

यावर असा आक्षेप येईल की अशी जबाबदारी पेलण्यापेक्षा लोक कार्यक्रमाला येणेच बंद करतील. आक्षेप खोटा नाही. चांगल्या हेतूंनी सुरू झालेले चर्चामंडळ दोन-तीन दुखावलेल्या माणसांनंतर बंद पडू शकते, आणि ग्रंथपालाला तर पुढच्या महिन्यात पुन्हा खुर्च्या भरायच्या असतात. म्हणून उपदेशापेक्षा कार्यक्रमाच्या रचनेकडे पाहणे इष्ट. आभारप्रदर्शन आधी उरकून उरलेला वेळ श्रोत्यांना देता येईल. प्रश्न घरच्या बोलीत विचारायला अध्यक्षानेच प्रारंभ करता येईल. नाटकावरची चर्चा त्याच रात्री न ठेवता आठ दिवसांनी, नट मुकुट उतरवून खुर्चीत बसलेला असताना, ठेवता येईल. ती चर्चा सामवेदीत झाली तर तिची टिपणे कोणत्या लिपीत आणि कोणत्या शुद्धलेखनाने लिहायची, हा वाद आधी उपस्थित होईल, आणि तो ग्रंथालयातच व्हावा.