उसण भरली आणि देहू राहिलं

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. ते येतं आणि जातं, कायम राहत नाही. म्हणून ते सहन कर. श्लोक पाठ होता, पण या शनिवारी तो अंथरुणावर आडवं पडून वाचायची वेळ आली.

आमचा सहा जणांचा बेत ठरला होता. पहाटे पुण्याहून बाइकने देहू, इंद्रायणीकाठी थोडा वेळ बसायचं, मग तुकोबाराय जिथे एकांतात नामचिंतन करत त्या भंडारा डोंगरावर जायचं आणि रविवारी आळंदी. शुक्रवारी रात्री पाठीत अशी उसण भरली, की कूस बदलणंही अवघड झालं. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बाइक नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही." मी ग्रुपवर लिहिलं, "तुम्ही जाऊन या."

पाठीपेक्षा जास्त त्रास दिला तो एका प्रश्नाने. मी काही मॉलमध्ये निघालो नव्हतो, देवाच्या दारी निघालो होतो. मग त्यानेच का अडवलं? त्याला मी नको आहे का? तुमच्यापैकीही कित्येकांना हा प्रश्न कधी ना कधी पडला असेल.

श्लोकाचं उत्तर अगदी साधं आहे. भगवंत इथे दुःखाला शिक्षा म्हणत नाहीत, परीक्षाही म्हणत नाहीत. ज्याला देह आहे त्याला थंडी वाजणार, ऊन लागणार, पाठही दुखणार. त्या दुखण्यात देवाचा राग शोधायचं काम आपलं मन करतं आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

मग सहन करायचं म्हणजे दात-ओठ खाऊन डोंगर चढायचा का? तसंही नाही. सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात भगवंत आहार, विहार, काम, झोप सगळंच बेताने ठेवायला सांगतात. विहारात आपलं फिरणंही आलंच! तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं, वेळेवर गोळी घेणं, पडून राहणं हेही त्या सांगण्यात बसतं.

अशा वेळी अरणचे सावता महाराज आठवतात. परंपरा सांगते, की ते आपला मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. कांदा, मुळा, भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला. आषाढीला इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावता महाराजांची पालखी मात्र जात नाही, पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. त्यांची योग्यता कुठे आणि आपण कुठे! पण एवढं नक्की कळतं, की भेटीचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालता येतो. शनिवारी संध्याकाळी आई माझी पाठ शेकता शेकता हरिपाठ म्हणत होती. ती रोजच म्हणते. एरवी त्या वेळी माझ्या कानात हेडफोन असतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा श्लोक आधी स्वतःला सांगायचा. माझी उसण चार दिवसांत उतरेल. पण वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्याला "हे येतं आणि जातं" असं ऐकवू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावं, हवं-नको विचारावं.

आजचा अभ्यास : आज जे दुखतंय ते वहीत एका ओळीत लिहा. त्याखाली मनाने त्याला काय काय जोडलंय तेही लिहा. पहिल्या ओळीवर औषधपाणी करा. बाकीच्या ओळी देवापुढे ठेवा आणि पाच मिनिटं शांत नाम घ्या.

प्रार्थना : पांडुरंगा, पाय चालतील तेव्हा तुझ्या दारी ने. नाही चालले, तर आहे तिथे तुझी आठवण राहू दे.

राम कृष्ण हरी.