पिकअपचा टिपर: वस्तू तीच की दुसरी?

पिकअपचा टिपर करताना आधी मागचा हौदा उतरवतात. उघड्या चेसिसवर लोखंडी चॅनलची दुसरी चौकट बसते. तिच्या मागच्या टोकाला बिजागरी असते, खाली हायड्रॉलिक जॅक, आणि जॅकला तेल पुरवणारा पंप गिअरबॉक्सच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती बाहेर घेणाऱ्या जोडावर, किंवा बॅटरीवर चालतो. वर नवा, उचलला जाणारा हौदा चढतो. ट्रॉली ओढायची असेल तर मागे हूक लागतो. घोड आणि भीमेच्या काठच्या शिरूर-दौंड पट्ट्यात शेणखत, मुरूम, खडी वाहायची कामे नेहमीची. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर फोर बाय फोर पिकअप निभावते, पण माल उतरवायला माणसे आणि फावडी लागतात. टिपर ते काम मिनिटांत करतो. मात्र या फेरफारानंतर उभी राहते ती गाडी जुनीच, की दुसरी?

ग्रीकांनी हा प्रश्न एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजावरून विचारला. भारतात तो रथावरून विचारला गेला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की आस म्हणजे रथ नव्हे, चाक नव्हे, जूही नव्हे. सुटे भाग जुळले की व्यवहारापुरते ‘रथ’ हे नाव पडते. या मताने पिकअप नाहीशी झाली नाही आणि टिपर जन्मालाही आला नाही. जुळणी बदलली, म्हणून नाव बदलले.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. ती समवायाने अवयवांत राहते. अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उपजतो. पण बदल कुठवर खोल जातो, यावर त्यांच्यातही वाद होता. कच्चे मडके आव्यात लाल होते तेव्हा ते परमाणूंपर्यंत विघटते आणि नवे मडके तयार होते, हा वैशेषिकांचा पीलुपाकवाद; मडके तेच राहून भाजते, हा नैयायिकांचा पिठरपाकवाद.

सांख्यांचा सत्कार्यवाद तिसरी बाजू मांडतो. कार्य कारणात आधीच अव्यक्त असते, तीळ दळले की तेल निघते, वाळू दळून निघत नाही. म्हणजे टिपर व्हायची क्षमता चेसिसमध्ये असेल तरच टिपर होईल. वेल्डिंग ती क्षमता उघड करते, निर्माण करत नाही.

जैन दर्शन टिकणे आणि बदलणे ही दोन्ही टोके एकत्र धरते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकाच वेळी असतात: पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात, द्रव्य टिकते. आरटीओची नोंद जवळपास याच वळणाची आहे. बॉडीचा प्रकार हा तपशील झाला. गाडीची ओळख चेसिस नंबरवर टिकते. मात्र कायदा पर्यायांनाही मोकळे सोडत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. वस्तू काय आहे हे ठरवताना कायदा कर्त्याचा संकल्प प्रमाण मानतो; गॅरेज मात्र वापरणाऱ्याची गरज प्रमाण मानते.

या मतांची कसोटी भारावर लागते. हौदा उचलला की मालाचे वजन वर आणि मागे सरकते. जमीन कलती असेल तर गाडी आडवी होऊ शकते. हुकावर ट्रॉलीचा भार आला की पुढची चाके हलकी पडतात आणि ट्रॉली थोपवण्याचा ताणही त्याच ब्रेकवर येतो. जॅक आणि चौकटीचे वजन माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा होते. काम नवे असते. पाटे, ॲक्सल, ब्रेक जुनेच असतात. गाडी सर्वस्वी दुसरी झाली असती तर जुनी मर्यादा उरली नसती. सर्वस्वी तीच राहिली असती तर नवा धोका आला नसता. दोन्ही उरतात, म्हणून ‘तीच’ आणि ‘दुसरी’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. बदलाचा भार न बदललेल्या भागावर पडतो, आणि तो भाग किती पेलेल हे आधी तपासण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते.