अंगण कुणाचं?

पहिल्या दिवशी स्कोफिल्ड्सच्या बालशाळेत संचालिकेनं विचारलं, मुलांनी तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? तिथे तीन वर्षांचं मूलही संचालिकेला पहिल्या नावानं हाक मारतं. मी चौतीस वर्षं बालवाडीत 'बाई' होते. परक्या देशात मुलांच्या तोंडून नुसतं नाव ऐकायला मन धजेना. म्हटलं, 'आजी' म्हणू देत. त्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी 'लोला' होती, एकाच्या घरी 'दादी', आणखी एकीच्या घरी 'पोपो'. आजी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

स्कोफिल्ड्स सिडनीच्या वायव्येला, ब्लॅकटाउन महापालिकेच्या हद्दीत आहे. जॉन स्कोफिल्ड नावाच्या, इंग्लंडहून शिक्षा होऊन आलेल्या एका कैद्याचंच नाव गावाला पडलं. रिचमंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर १८७० पासून इथे स्टेशन आहे. कालपरवापर्यंत हे खेडंच होतं. भाजीचे मळे, कोंबड्यांच्या शेड, घोड्यांची कुरणं, बाजूला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला विमानतळ. आता शेतांच्या जागी एकसारख्या विटांची घरं दाटीनं उभी आहेत आणि संध्याकाळी फिरायला निघालं की मराठी, तेलुगू, पंजाबी, नेपाळी कानावर पडतं. आईवडील दोघंही सकाळी गाडी पकडतात, मुलं सात वाजल्यापासून बालशाळेत. आमच्यासारखे आजीआजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते येतात, नातवंडं सांभाळतात आणि परत जातात. माझी नात तिथे जायची. तिला सोडायला-आणायला जाताना मी कुंपणाशी रेंगाळायचे. एक दिवस लेक म्हणाली, "आई, तू बाहेरून बघत काय उभी राहतेस? विचारू का त्यांना?"

आत जाणं सोपं नव्हतं, आणि ते तसं नव्हतं याचं मला पुढे बरं वाटलं. न्यू साउथ वेल्समध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. पगारी माणसाला त्याची फी असते, स्वयंसेवकाला नसते. मंजुरी पाच वर्षं चालते, पण त्या काळातही नावावर लक्ष राहतं. माझ्या व्हिसावर पगारी काम करता येत नव्हतं. बिनपगारी मदतसुद्धा अशी हवी की तिच्यामुळे इथल्या कुणाची नोकरीची जागा अडू नये. तीन वर्षांवरच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक हवा, दोन ते तीन वर्षांच्या पाच मुलांमागे एक. या मोजणीत मला धरलेलं नव्हतं. मोबाइल कार्यालयात ठेवायचा, एकटीनं कुठल्याही मुलाबरोबर थांबायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, तीन तास.

सुरुवातीला थोडं लागलं. इतकी वर्षं मुलांची नाकं पुसली आणि आता माझ्यावर नजर ठेवणार? मग आठवलं, आमच्याकडे कधी संस्थेची गाडी यायची, कधी कंपनीतली मंडळी शनिवारची सेवा करायला यायची, कधी परदेशातले विद्यार्थी. नाव-गाव न विचारता आम्ही त्यांना मुलांमध्ये सोडत होतो. आलेला माणूस चांगलाच असणार, हे गृहीत धरून. त्या गृहीतकाची भीती मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वाटली.

वर्गात एक मराठी घरातला मुलगा होता. पावणेचार वर्षांचा, नुकताच आलेला, बोलत नसे. दुसरी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं काही महिने अशी गप्प होतात. आतून ऐकत असतात, साठवत असतात. शिक्षिकांना हे ठाऊक होतं, त्या घाई करत नव्हत्या. पण त्यांच्या नोंदवहीत एक शब्द इंग्रजी अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहिलेला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. तो शब्द होता, 'नको'.

मी त्याला मांडीवर घेतलं. मराठीत बोलले. डब्यातली पोळी कुस्करून त्याला घास भरवले, काऊचा, चिऊचा. तो जेवला, हसला, दुपारी माझा पदर धरून झोपला. मी घरी आले ती तरंगतच. लेकीला म्हटलं, आज काहीतरी हातून झालं.

तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिकेनं मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं. ती म्हणाली, गुरुवारी तो छान जेवतो. शुक्रवारी डबा उघडत नाही, दाराकडे बघत बसतो. सोमवारीही, मंगळवारीही. पूर्वी तो हळूहळू का होईना, स्वतःच्या हातानं खात होता.

मी गप्प झाले. बालवाडीच्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? तीन-चार वर्षांचं मूल माणसाला धरून जग ओळखतं. रोज भेटणाऱ्या एका चेहऱ्यावर विश्वास बसला की मग ते त्याच्यापासून दोन पावलं दूर जायला धजतं. तो चेहरा रोज दिसला पाहिजे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मी त्याला रोजचा चेहरा दिला नाही, उलट रोजच्या चेहऱ्यांवर बसू लागलेला विश्वास काढून घेतला. माझ्या प्रेमात खोट नव्हती. म्हणूनच मला तो प्रसंग विसरता येत नाही.

त्या आठवड्यात लेकीनं मला गाडीतून ओकहर्स्टला नेलं. स्कोफिल्ड्सपासून फार लांब नाही. रिचमंड रोडच्या कडेला एक मोकळं माळरान आहे, गवत आणि झाडं, बाकी काही नाही. इथे १८२३ ते १८२९ 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' होती, आदिवासी मुलांसाठीची शाळा. ब्लॅकटाउन हे नावच तिच्या आसपासच्या वस्तीवरून आलं. संस्थेची सुरुवात त्याआधी पॅरामॅटाला झाली होती. गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी यांनी डिसेंबर १८१४ मध्ये आदिवासी कुटुंबांना मेजवानीला बोलावलं आणि मुलं शाळेत द्या म्हणून सांगितलं. नियम असे होते: मूल चार ते सात वर्षांचं हवं. एकदा आत आलं की मुलगी चौदा आणि मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत आईबापांना ते परत नेता येणार नाही. लवकरच, १८१६ च्या लष्करी मोहिमेवर निघालेल्या सैनिकांना संस्थेसाठी मुलं आणण्याचाही हुकूम होता.

चार ते सात. माझ्या वर्गाचं वय. मॅक्वारी आणि संस्थेचे पहिले चालक विल्यम शेली यांना आपण वाईट करतो आहोत असं वाटत नव्हतं. मुलांना अक्षरं येतील, शिवण येईल, शेती येईल, ही त्यांची खरी इच्छा होती. मुलं हुशारही निघाली. १८१९ च्या वार्षिक परीक्षेत शंभरेक गोऱ्या मुलांच्या पुढे जाऊन पहिलं बक्षीस एका आदिवासी मुलीनं मिळवलं. ती दारुग जमातीची मारिया असावी असं मानतात. तिनं पुढे, १८३१ मध्ये, शाळेत शिकलेल्या अक्षरांच्या बळावर गव्हर्नरकडे अर्ज केला: माझ्या वारलेल्या भावाची, कोलबीची, जमीन मला द्या. १८४३ मध्ये ती मिळाली. स्कोफिल्ड्सजवळच्या एका उपनगराचं नाव आज कोलबी आहे. मारियाची गोष्ट सांगून संस्थेचं समर्थन करता येईल, पण मला ते पटत नाही. अक्षरं तिच्या अंगणातही देता आली असती. मुलं आईबापांपासून तोडण्याची ही पद्धत पुढे दीडशे वर्षं नाना रूपांनी चालली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधान केविन रड यांनी त्या हिरावलेल्या पिढ्यांची माफी मागितली आणि २०१८ मध्ये ते माळरान दारुग लोकांकडे परत आलं.

त्या गवतात उभी असताना माझ्या मनात ताराबाई मोडकांची कोसबाडची टेकडी होती. मुद्दाम आठवली नाही, आपसूक आली.

ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ. बालशिक्षणात ताराबाईंचं नाव तोवर मोठं झालेलं होतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरचं बालमंदिर, नूतन बालशिक्षण संघ, सगळं मागे उभं होतं. बोर्डीत बालवाडी काढली, तर वारली पाड्यांवरची मुलं येईनात. कशी येणार? धाकटं भावंड कडेवर, गुरं रानात, घर लांब. इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. मुलांना आणून वसतिगृहात ठेवायचं, किंवा आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही म्हणत बसायचं. ताराबाईंनी तिसरी केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. पाड्यावरच्या सारवलेल्या अंगणात, खडे, बिया, शिंपले, पानं, बांबूच्या कांड्या घेऊन. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी फायलींत इतका मळला आहे की त्यातलं 'अंगण' आपल्याला ऐकूच येत नाही. तो शब्द शिक्षिकेनं कुठे उभं राहायचं ते सांगतो. अंगण मुलाच्या आईचं आहे. तुम्ही तिथे पाहुण्या आहात.

आणि पाहुण्या असूनही त्या राहिल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला आलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं अनुताईंनी त्याच मुलखाला दिली.

माळरान आणि टेकडी यांतलं अंतर मला हेतूंत दिसत नाही, दिशेत दिसतं. कोण कुणाच्या दारी गेलं? निघून जायची मोकळीक कुणाला होती? पॅरामॅटात मुलाला नव्हती. पाड्यावर मूल उठून गुरांमागे जाऊ शकत होतं, म्हणून शिकवणाऱ्याला रोज त्याचं मन जिंकावं लागत होतं.

आज हाच प्रश्न उलट्या वाटेनं समोर येतो. श्रीमंत देशांतली तरुण मुलं नेपाळ, कंबोडिया, आफ्रिकेत, आपल्याकडेही, दोन-तीन आठवडे लहान मुलांची सेवा करायला जातात. त्यातून अनाथालयांचा बाजार उभा राहिला. पाहुणे येतात म्हणून अनाथ हवेत, आणि अनाथ हवेत म्हणून आईबाप असलेली मुलं घरातून आणली जातात. ऑस्ट्रेलियानं याची दखल घेतली. २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत मुलांच्या अशा व्यापाराला गुलामगिरीचाच प्रकार मानलं गेलं आणि त्याच वर्षी सरकारनं आपल्या तरुणांना अनाथालयांतल्या स्वयंसेवेपासून सावध करणारी मोहीम काढली. त्या मुलामुलींना मी दोष देणार नाही. मला माझा गुरुवार आठवतो. मूल गळ्यात पडतं तेव्हा वाटतं, आपण हवे आहोत. जे मूल कुणाही नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, त्याला रोजचं माणूस नाही, हे तेव्हा सुचत नाही.

सेवा या शब्दाची आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस सरकारी भाषेत 'मानसेवी' आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून त्यांना पगार नाही, मानधन आहे. पोषण आहार, लसीकरण, वजनं, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, आणि यातून उरलेल्या वेळात बालशिक्षण. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे ठरायला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संपावर जावं लागलं. रोज येणारी, वर्षानुवर्षं टिकणारी बाई स्वयंसेविका, आणि तिला पोटापुरतंही नाही. तिथल्या व्हिसाच्या नियमात माझ्या मदतीनं कुणाची जागा अडू नये असं लिहिलं आहे. आमच्याकडे सेवेच्या नावाखाली अख्खी नोकरीच अडवली गेली आहे. मुलाला रोजचा चेहरा द्यायचा असेल तर त्या चेहऱ्याला रोजची भाकरी द्यावी लागते.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगते. मी वर्गशिक्षिकेबरोबर बसले. आम्ही दहा शब्द निवडले. पाणी, शू, नको, हवं, दुखतंय, झोप, डबा, बाहेर, पुरे, आणि एक अख्खं वाक्य: आई येईल. इंग्रजी अक्षरांत मोठ्या कागदावर लिहून तिनं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मी म्हणायचे, मग शिक्षिका म्हणायच्या. 'ळ' नको म्हणून शब्द तसेच निवडले होते, तरी 'दुखतंय'नं त्यांना घाम फोडला. गुरुवारी मी आता त्याला मांडीवर घेत नसे. मी वाळूच्या हौदाशी बसायचे आणि जो येईल त्याच्याबरोबर खेळायचे. तो दोन गुरुवार रुसला. तिसऱ्या गुरुवारी तो वाळूत आला, माझ्याकडे पाठ करून बसला आणि शेजारच्या मुलीच्या हातातला फावडा ओढला. ती ओरडली. तो ठणकावून म्हणाला, "माझा!"

परत यायची तारीख ठरली तेव्हा मुलांना तीन आठवडे आधी सांगितलं. भिंतीवर तीन पानं लावली, दर गुरुवारी एक काढायचं. शेवटचं पान काढलं त्या दुपारी तो दारात रडत होता, कारण त्याच्या आईला यायला उशीर झाला होता. मी उठले आणि थांबले. वर्गशिक्षिका गुडघ्यावर बसली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली आणि म्हणाली, "आयी येइल."

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो तिला म्हणाला, "आई. आयी नाही."

ती पुन्हा म्हणाली, "आई येईल."